हुंकार आणि गती

यंत्रे बंद पडण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एखादे यंत्र बटण दाबले तरी अवाक्षर काढीत नाही. त्याचा मुकेपणा सहज समजण्याजोगा असतो. वीज आली नसेल, तार तुटली असेल, फ्यूज उडाला असेल. दुसरी तऱ्हा मात्र मोठी विलक्षण आहे. बटण दाबताच मोटार गंभीरपणे हुंकारू लागते, तिच्या अंगाला हात लावला तर कंप जाणवतो, क्षणभर वाटते की आता ही फिरणार. आणि तिचा आस मात्र तसूभरही हलत नाही. मुक्या यंत्राची आपल्याला कीव येते, पण या हुंकारणाऱ्या यंत्राचा संताप येतो. हिच्यात जीव आहे, वीज आहे, आवाजही आहे. मग हिला फिरायला झाले आहे काय?

आमच्या कोकणातल्या घराच्या विहिरीवर अर्ध्या अश्वशक्तीचा एक पंप आहे. पावसाळ्याचे चार महिने त्याला विश्रांती असते. गेल्या कार्तिकात पोफळीच्या नव्या रोपांना पाणी हवे झाले, तेव्हा त्याने हाच प्रकार आरंभला. घरातल्या प्रत्येकाने आपापले निदान सांगितले. त्यांतले सर्वांत लोकप्रिय निदान असे की, बसून बसून मोटार आळसावली आहे! वडीलबंधूंनी तर चार वेळा बटण चालू-बंद करून तिला जवळजवळ दरडावलेच.

वस्तुतः आळसाचा आरोप जितका अन्यायाचा, तितकाच शास्त्राला सोडून आहे. फिरणारी मोटार जेवढा विद्युत्प्रवाह घेते, त्याच्या पाच-सहा पट प्रवाह ही अडलेली मोटार घेत असते. त्यांतून काम काहीच निघत नाही, म्हणून त्याची सारी उष्णता होते. थोड्याच वेळात तांब्याच्या तारेवरचे रोगण करपू लागते. तो उग्र दर्प एकदा आला की मोटार भरून आणण्यावाचून गत्यंतर उरत नाही. म्हणजे बाहेरून जी स्वस्थ बसलेली दिसते, ती आतून फिरणाऱ्या मोटारीहून अधिक श्रमत असते, आणि त्या श्रमानेच जळत असते.

मग ती अडते का? घरोघरी येणारी वीज एकपदरी असते. तिचा प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तने करतो. त्यामुळे मोटारीतले चुंबकीय क्षेत्र एकाच रेषेत मागे-पुढे झुलते. त्याचा ताण सेकंदाला शंभर वेळा चढतो-उतरतो, आणि तोच आपल्याला हुंकार म्हणून ऐकू येतो. हे झुलणारे क्षेत्र म्हणजे परस्परविरुद्ध दिशांनी फिरणारी दोन समबल क्षेत्रे होत, असे गणित सांगते. एक म्हणते उजवीकडे चल, दुसरे म्हणते डावीकडे. स्तब्ध असलेल्या आसाला दोन्ही हाका सारख्याच मोलाच्या. तो कोणाचे ऐकणार? तो थरथरत जागच्या जागी राहतो.

या पेचावरचा उपाय गॅलिलिओ फेरारिस या इटालियन शास्त्रज्ञाच्या प्रयोगात आहे. त्याने १८८५ साली तुरीन येथे दोन गुंडाळ्या परस्परांशी काटकोनात ठेवल्या, त्यांतून किंचित मागे-पुढे असलेले दोन प्रवाह सोडले, आणि मधला तांब्याचा नळा आपोआप फिरू लागला. हा शोध त्याने १८८८ साली प्रसिद्ध केला. त्याच वर्षी निकोला टेस्ला याला अमेरिकेत आपल्या मोटारींची पेटंटे मिळाली. आपल्या पंपातही अशी एक साहाय्यक गुंडाळी असते. तिच्यातला प्रवाह मुख्य प्रवाहाच्या थोडा पुढे नेण्याचे काम करतो तो कपॅसिटर. आमच्याकडचे कारागीर त्याला अजूनही कंडेन्सर म्हणतात. दोन्ही प्रवाह एकाच क्षणी चढते-उतरते, तर मोटार कधीच सुटली नसती. त्यांच्यात जे अंतर आहे, त्यानेच दिशा ठरते. सहचराने सदैव आपल्या सुरात सूर मिळवावा अशी अपेक्षा करणाऱ्यांनी हा चमत्कार एकदा पाहावा.

वायरमन आला. वयाने तरुण, पण हाताने शांत. त्याने पहिली गोष्ट केली ती वीज तोडण्याची. "काका, आधी हिला गप्प करू या, मग विचारू," तो म्हणाला. मागचे झाकण काढून त्याने पंखा बोटांनी फिरवून पाहिला. आस गंजाने धरला असता किंवा पंपात कचरा अडकला असता, तर तो अडला असता. पण तो अलगद फिरला. त्याअर्थी दोष अंगाचा नव्हता. मग त्याने दिव्याच्या तारा लावून कपॅसिटरमधली उरलीसुरली वीज निचरून टाकली, तो काढला, आणि त्याचे फुगलेले डोके आम्हांला दाखविले. त्याच मापाचा नवा बसविताच मोटार सुटली, आणि घटकाभरात रोपांच्या आळ्यांत पाणी आले.

वडीलबंधूंनी विचारले, "काठीने ढकलली असती, तर चालली नसती का?"

"चालली असती की, दादा," तो म्हणाला, "पण तुम्ही ढकलाल तिकडे."

हे उत्तर माझ्या मनातून जात नाही. छताचा असाच बिघडलेला पंखा काठीने ढकलून चालू करणारे पुष्कळ असतात. धक्का मिळाला की दोन हाकांपैकी त्या दिशेची हाक बलवत्तर ठरते आणि पंखा फिरू लागतो. उलट ढकलला, तर तितक्याच निष्ठेने उलट फिरतो. फक्त वारा लागत नाही.

त्याच घरात वडीलबंधूंचा मुलगा आहे. परीक्षेत अपयश आल्यापासून तो पुस्तक उघडून तासन् तास बसतो आणि पान उलटत नाही. त्याला सारे आळशी म्हणतात. कोणी त्याला मुंबईच्या नोकरीकडे ढकलतो, कोणी आणखी एका परीक्षेकडे, कोणी वाडीकडे. धक्क्याने तो कोठेतरी जाईल, यात मला संशय नाही. पण ती दिशा ढकलणाऱ्याची असेल. यंत्राचे सारेच नियम माणसाला लागू पडत नाहीत, हे मी जाणतो. तथापि वायरमनचा क्रम माणसालाही मानवेल असे वाटते. प्रथम त्याच्यावरचा ताण तोडावा, कारण तापलेले मन विचार करीत नाही. मग शरीराला काही अडसर आहे का, हे हलक्या हाताने पाहावे. आणि शेवटी शोधावे की, त्याच्या इच्छेला किंचित पुढे नेणारी कोणती लहानशी वस्तू निकामी झाली आहे: एखादा मित्र, एखादा विश्वासाचा शब्द, की एखादी आवड?

वडीलबंधूंशी मी हे बोललो आहे. ते गप्प राहिले. परंतु त्या दिवसापासून मुलाच्या खोलीच्या दाराशी उभे राहून दरडावण्याचे त्यांनी थांबविले आहे. वीज तोडण्याइतके तरी काम झाले आहे. पुढचे काम हाताचे आहे, आणि त्याला घाई उपयोगाची नाही.