डेव्हिल्स होलचा पपफिश

पत्र पहिले
अ‍ॅश मेडोज, नेवाडा

ती. बाबांस,

डेव्हिल्स होल पपफिश हा मासा पूर्ण वाढला तरी जेमतेम अडीच सेंटीमीटरचा असतो. वाळवंटातल्या डोंगराच्या पायथ्याशी चुनखडीच्या कातळात एक खोल भेग आहे, तीच डेव्हिल्स होल. तिच्या तळाशी साठलेल्या कोमट पाण्याखेरीज जगात कुठेही हा मासा निसर्गतः सापडत नाही. त्याचे शास्त्रीय वर्णन 1930 मध्ये झाले. नर निळसर, चकचकीत. मादी फिकट, तपकिरी-हिरवट. पोटाखालची परांची जोडी, जी याच्या भाऊबंदांना असते, ती याला नाही.

पाणी बाराही महिने सुमारे 33 ते 34 अंश सेल्सिअस असते आणि त्यात विरघळलेला प्राणवायू फारच कमी. भेग किती खोल आहे, याचा थांग लागलेला नाही. पाणबुडे 130 मीटरच्या खाली गेले, तरी तळ दिसला नाही. एवढ्या पाण्यात माशाच्या खऱ्या कामाची जागा मात्र एकच: काठालगतचा, काही मीटर लांबीरुंदीचा उथळ कातळी कट्टा. पाण्यापर्यंत ऊन पोचते ते इथेच. त्यामुळे शैवाल इथे वाढते, त्यात बारीक जीव पोसले जातात आणि मादी अंडीही मुख्यतः इथेच घालते. हिवाळ्यात सूर्य खाली कलला की काही आठवडे कट्ट्यावर थेट ऊन येत नाही आणि अन्नाची चणचण होते. मासा साधारण वर्षभर जगतो. एका मोसमातली वीण फसली, तर भरपाईला पुढची संधी फारशी उरत नाही.

भेगेभोवती उंच कुंपण आहे. पाहणाऱ्याला वरच्या मचाणावरूनच पाहावे लागते आणि दुर्बिणीशिवाय मासा नजरेस पडणे अवघड.

पत्र दुसरे
डेथ व्हॅली, कॅलिफोर्निया

ती. बाबांस,

कट्ट्यावर पाणी किती, यावर या माशाचे सारे अवलंबून आहे, आणि ते पाणी भूजलाचे आहे. 1952 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी ही भेग डेथ व्हॅलीच्या संरक्षित क्षेत्रात घेतली. 1967 मध्ये मासा संकटग्रस्तांच्या यादीत आला. त्याच सुमारास जवळच्या एका मोठ्या शेतीसाठी विहिरींतून उपसा सुरू झाला आणि भेगेतले पाणी उतरू लागले. कट्टा उघडा पडत चालला. तंटा इतका चिघळला की मासा वाचवा म्हणणारे आणि मासा मारा म्हणणारे, दोघांचेही स्टिकर गाड्यांवर दिसत.

1976 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या तंट्यात एकमताने, उपसा रोखू पाहणाऱ्या सरकारच्या बाजूने निकाल दिला. जागा राखीव केली तेव्हाच तिच्या उद्देशाला लागेल तेवढ्या पाण्यावरचा हक्कही राखीव झाला, मग ते पाणी जवळच्या विहिरींतून उपसले जात असले तरी, असा त्याचा आशय होता. भेगेतल्या भिंतीवरची एक तांब्याची खूण प्रमाण धरून पातळीची किमान मर्यादा ठरली आणि उपशावर लगाम आला. हा निकाल झाला नसता, तर कदाचित आज पाहायला मासाच उरला नसता.

पत्र तिसरे
परतीच्या वाटेवर, लास वेगास

ती. बाबांस,

पाणी राखले तरी मासा सुरक्षित झाला नाही. वसंतात आणि शरदात पाणबुडे खाली उतरून, तर इतर जण कट्ट्याशेजारून मासे मोजतात. 2013 च्या वसंतात फक्त 35 मासे भरले. पुढे संख्या सावरली. 2024 च्या वसंतात ती 191 होती. मग भूकंपांनी घात केला. हजारो किलोमीटरवरच्या मेक्सिकोत जमीन हादरली, तरी या भेगेत लाटा उसळतात आणि कट्ट्यावरचे शैवाल, अंडी खोल पाण्यात ओढून नेतात. 2024 च्या डिसेंबरात आणि 2025 च्या फेब्रुवारीत भूकंपांनी असाच कट्टा धुऊन काढला. त्यानंतरच्या मोजणीत 38 मासे उरले होते.

मासा दुसरीकडे जगवण्याचे जुने प्रयत्न पुरते साधले नव्हते. एका हौदात माशांची शरीरे मूळच्यापेक्षा मोठी झाली, तर दुसऱ्यात जवळच्या जातीशी संकर झाला. म्हणून अ‍ॅश मेडोजमध्ये सुमारे पावणेचार लाख लिटरची टाकी बांधून तिच्यात भेगेतल्यासारखाच कट्टा करण्यात आला; पाणी मात्र भेगेतल्यापेक्षा किंचित थंड आणि प्राणवायू तिथल्यापेक्षा जास्त ठेवण्यात आला. तिथेही एक छोटा पाणभुंगा अंडी खात असल्याचे आढळले, तेव्हा काही अंडी उचलून वेगळी वाढवण्याची पद्धत पडली. 2025 च्या पडझडीनंतर याच टाकीतले काही मासे भेगेत सोडण्यात आले.