आज पाणी किती?

सांगलीत पावसाळ्यात कुणी कुणाला ‘कसं काय’ विचारत नाही, ‘आयर्विनला किती?’ विचारतात. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा १९२९ सालचा पूल, आणि किती म्हणजे किती फूट. ४० ला इशारा, ४५ ला धोका. पण गावभागातल्या माणसाला सरकारी आकड्यांची गरज नसते. कितीला कुणाच्या पायरीला पाणी लागतं, हे आमच्याकडे पोरासोरांनाही पाठ. आई सकाळी दूध घेताना दूधवाल्यालाच आकडा विचारायची. डाळ-तांदळाचे डबे माळ्यावर चढायचे की अजून एक दिवस फळीवर राहायचे, ते त्यावर ठरायचं.

अशा गावात, नदीपासून हाकेच्या अंतरावर वाढलेल्या मला पोहता येत नव्हतं. दोन्ही भाऊ पाठीला भोपळे बांधून घाटावर शिकले. मी पायरीवर बसून त्यांचे कपडे सांभाळले. ‘मगर असते’ हे मला दिलेलं कारण. कृष्णेत मगरी आहेत, ते खोटं नाही. पण ती मगर भावांना ओळखून कशी सोडते, ते कुणी सांगितलं नाही.

२०१५ च्या ऑक्टोबरात तीन वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन मी नेदरलँड्समध्ये उतरले. नवरा दोन महिने आधी येऊन आम्स्टेलफेनला घर बघून बसला होता. विमानतळावरून निघताना टॅक्सीत त्यानं मोठ्या हौसेनं सांगितलं, “आत्ता आपण समुद्राच्या पातळीखाली आहोत बरं का, तीनेक मीटर. इथं पूर्वी मोठं तळं होतं. वाफेच्या पंपांनी उपसून १८५२ मध्ये कोरडं केलं.” मी थक्क होईन अशी त्याची अपेक्षा. मी मनातल्या मनात मीटरचे फूट केले आणि विचारलं, “घर कितव्या मजल्यावर घेतलंयस?”

“तळमजला. मागं बाग आहे. बागेपलीकडं कालवा.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. जेट लॅग, तो म्हणाला.

पहिल्या हिवाळ्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. चार-साडेचारला अंधार, आडवा पाऊस आणि सायकल कुठल्याही दिशेला वळवली तरी समोरूनच येणारा वारा. सांगलीत मी शाळा-कॉलेज सगळं सायकलवर केलेलं, त्यामुळे तेवढी एक गोष्ट येत होती. पुढं मोठी लाकडी पेटी असलेली सायकल घेतली. तिच्यात लेक, बटाटे आणि टॉयलेट पेपर एकत्र बसायचे. भाषा मी वर्गात शिकले आणि लेक वाळूच्या खड्ड्यात. तिची लवकर झाली.

धाकटा २०१७ च्या फेब्रुवारीत झाला. आई येणार होती, पण ऐन वेळी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. मग माझ्या वाट्याला आला तो इथला सरकारमान्य उपाय, क्रामझोर्ख. बाळ-बाळंतिणीची काळजी घ्यायला आठवडाभर रोज एक प्रशिक्षित बाई घरी येते आणि खर्चाचा मोठा भाग विमा उचलतो. आमच्याकडे आली ती साठीची, उंच, आणि बोलण्यात अजिबात आडपडदा नसलेली. आल्या आल्या तिनं पलंगाच्या पायांखालच्या ठोकळ्यांची उंची मोजली. बाळंतिणीकडं बघायला वाकून या बायांची कंबर धरू नये म्हणून पलंग उंच करून घ्यायचा, असा इथला नियमच आहे. त्या उंच पलंगावर मी देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी बसलेली. कानाला स्कार्फ, पायात दोन-दोन मोजे. तिनं माझ्याकडं बघितलं आणि खिडकी उघडली. मी नवऱ्याला खुणावलं, त्यानं बंद केली. ती परत उघडायची. तीन दिवस ते युद्ध चाललं. तिच्या मते बाळाला हवा पाहिजे, माझ्या मते बाळाला शेक पाहिजे, आणि बाळ दोन्हीत झोपत होतं.

चौथ्या दिवशी तिनं बशीत एक गोल, खुसखुशीत टोस्ट आणला. लोणी लावलेला, वर निळे-पांढरे साखरेचे दाणे. मुलगा झाला की निळे, मुलगी झाली की गुलाबी. या दाण्यांना इथं ‘छोटे उंदीर’ म्हणतात, कारण प्रत्येकाला बारीक शेपटासारखं देठ असतं. बाळ झालेल्या घरात येईल त्या पाहुण्याला हेच देतात. मी एक दाणा दाताखाली फोडला. साखर विरघळली आणि आतून जी चव आली, तिनं डोळ्यांत पाणीच आलं. ती बडीशेपेची बहीण होती. “दूध यायला चांगलं असतं, असं जुन्या बायका म्हणायच्या,” क्रामझोर्खवाली म्हणाली. आईनं पार्सलनं बाळंतशोपा पाठवल्या होत्या, त्यांची डबी मी उशाखालून काढून तिच्या हातावर चार दाणे ठेवले. तिनं चावून बघितले, मान हलवली. त्या दिवशी तिनं खिडकी उघडली, पण अर्धीच.

लेक शाळेत जायला लागली तशा तिच्या वर्गातल्या आया मला एकच गोष्ट विचारायच्या: पोहायला कुठं घातलंस? मुलाला पोहायला शिकवणं ही इथं हौस नाही, लसीकरणासारखी गोष्ट आहे. ए, बी, सी असे तीन डिप्लोमा असतात. त्यातला ए मिळेपर्यंत घरच्यांना चैन नसतं. आठवड्यातून एकदा, वर्ष-दीड वर्ष आम्ही त्या क्लोरीनच्या वाफेत बसलो. धाकटा मांडीवर, आणि मी काचेतून लेकीचं टकुरं मोजत. बाकीच्या आया पुस्तक वाचत.

ए च्या परीक्षेला मुलं कपडे आणि बूट घालून पाण्यात उतरतात. हे मला आधी खरंच वाटलं नव्हतं. जूनमधला शनिवार होता. माझी साडेसहा वर्षांची पोर लांब पँट, टी-शर्ट आणि बूट घालून काठावर उभी. शिट्टी झाली आणि तिनं उडी मारली. पँटमध्ये हवा भरून क्षणभर फुगा झाला, मग भिजून कापड जड झालं आणि ती खाली ओढली जाताना मला दिसली. मी उठून उभी राहिले. तिनं पाय मारले, वर आली, जागच्या जागी तरंगत राहिली, मग संथपणे पोहायला लागली. नंतर कपडे काढून पाण्याखालून जायचं होतं. पाण्यात एक ताडपत्री उभी सोडलेली असते, तिला भोक. काठापासून तीन मीटरवरच्या त्या भोकातून पार व्हायचं. बी ला सहा मीटर, सी ला नऊ. ती भोकात शिरली आणि पलीकडून बाहेर आली, त्यामधला वेळ मी कधीच कुणाला नीट सांगू शकणार नाही.

कपडे कशाला, असं मी शिक्षकाला विचारलं होतं. तो म्हणाला, “कालव्यात पडणारं मूल पोहण्याचे कपडे घालून पडत नाही.”

आपल्याकडं म्हणतात, पाण्यात पडलं की पोहता येतं. सासरी निघालेल्या मुलीला म्हणतात, परगावी नोकरीला जाणाऱ्याला म्हणतात. मला निघताना तीन मावश्यांनी सांगितलं. त्यातल्या एकीलाही पोहता येत नाही.

त्याच वर्षी, २०१९ च्या मार्चमध्ये, माझ्या नावानं मतदानाचं कार्ड आलं. चुकून आलं असेल म्हणून मी ते दोन दिवस फ्रिजवर लावून ठेवलं. चूक नव्हती. प्रांताच्या निवडणुकीत मला मत नव्हतं, देशाच्या तर नाहीच. पण त्याच दिवशी ‘वाटरस्खाप’चीही निवडणूक होती आणि तिथं इथं रीतसर राहणाऱ्या परदेशी माणसालाही मत असतं. वाटरस्खाप म्हणजे पाण्याचं पंचमंडळ: बांध, पंप, कालव्यांची पातळी बघणारं, स्वतःचा कर गोळा करणारं. ही मंडळं तेराव्या शतकापासूनची, देशाच्याही आधीची. आता २१ उरली आहेत. चार संध्याकाळी मी डिक्शनरी घेऊन उमेदवारांची पत्रकं वाचली. भांडण काय, तर जमिनीखालचं पाणी किती उंच ठेवायचं. शेतकऱ्याला कुरण कोरडं हवं म्हणून पातळी खाली हवी. खाली नेली तर ओलसर माती आकसून जमीन खचते आणि जुन्या घरांखालच्या लाकडी खांबांना हवा लागून ते कुजतात. म्हणजे पाणी चढलं तरी घर जातं आणि उतरलं तरी जातं. वर्तमानपत्राएवढी मतपत्रिका आणि लाल पेन्सिल. या देशातलं माझं पहिलं मत मी पाण्याला दिलं.

आणि ऑगस्टमध्ये सांगली बुडाली.

ते आठ-दहा दिवस मी दोन घड्याळांवर जगले. आई-बाबा शेजारच्यांच्या दुसऱ्या मजल्यावर गेले होते आणि तिथून हलायला तयार नव्हते. वीज नव्हती, म्हणून आई दिवसातून एकदाच फोन चालू करायची, एक मिनिट. त्या मिनिटात ती फक्त आकडा सांगायची. ५२. ५४. २००५ चा महापूर ५४ च्या आत थांबला होता, त्यामुळे ५५ म्हणताना तिचा आवाज बदललेला मला कळला. ५७ च्याही वर गेलं. पुढं कुणाकडं आकडाच नव्हता, कारण आमच्या गावात तिथपर्यंतच्या पायऱ्या कुणाला पाठ नव्हत्या. ८ तारखेला ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी नाव उलटली. गेलेल्यांत बायका होत्या, लेकरं होती. मी स्वयंपाकघरात उभी राहून ती बातमी वाचली. मागच्या दाराबाहेर कालवा होता, नेहमीसारखा, एक इंचही इकडं-तिकडं न झालेला. त्याचा मला राग आला.

सप्टेंबरात मी पोहायच्या वर्गाला नाव घातलं. मोठ्यांचा वर्ग, बुधवारी रात्री. आम्ही सहाजणी, बहुतेक दुसऱ्या देशांतून आलेल्या. शिक्षिका ए डिप्लोमाचीच तयारी करून घ्यायची. ‘रोज जे घालता ते आणा’ म्हणाली, म्हणून मी पंजाबी ड्रेस नेला. भिजलेल्या सलवारीचं वजन किती असतं, ते कृष्णेच्या काठावर बत्तीस वर्षं काढूनही मला माहीत नव्हतं. लेक काचेपलीकडं बसून मला अंगठा दाखवायची. तिसऱ्या प्रयत्नात ताडपत्रीच्या भोकातून पार झाले. तोपर्यंत कोविड येऊन गेला होता, वर्ग बंद पडून पुन्हा सुरू झाला होता आणि बाबा गेले होते.

आई पहिल्यांदा आली ती २०२३ च्या एप्रिलमध्ये. आम्ही तिला ट्यूलिप दाखवले, तिला ते कागदाचे वाटले. आवडलं ते झेलँड. १९५३ च्या फेब्रुवारीत तिथं समुद्र बांध फोडून आत आला आणि देशात १८३६ माणसं गेली. आउवरकेर्कला त्या पुराचं संग्रहालय आहे. बांधाचं शेवटचं भगदाड बुजवायला जे प्रचंड काँक्रीटचे पेटारे बुडवले, त्यांच्याच पोटात. छपरावर बसलेली माणसं, काठीला धरून ओळीनं चाललेल्या बायका. आई एका फोटोपुढं बराच वेळ थांबली आणि म्हणाली, “गावभागच की हा.”

मग ओस्टरस्खेल्डेच्या मुखावरचा बंधारा बघितला. समुद्राला ६२ पोलादी दरवाजे. आईचा पहिला प्रश्न कुठल्याही सांगलीकराचा असतो तोच: “उघडतात कधी?” एरवी उघडेच असतात, मी सांगितलं. मोठं वादळ येणार असेल तेव्हाच बंद करतात. आधी इथं कायमची भिंत बांधायचं ठरलं होतं, पण मग भरती-ओहोटी थांबून आतले शिंपले मेले असते, म्हणून कोळ्यांनी आणि निसर्गप्रेमींनी आंदोलन केलं आणि सरकारला आराखडा बदलावा लागला. आई कठड्यावर वाकून खालचं खळाळणारं पाणी बघत राहिली. “आणि आपल्याकडं,” ती म्हणाली, “अलमट्टीचे दरवाजे कुणी कधी उघडायचे यावरनं दोन राज्यं पत्रापत्री करतात, तोवर पाणी मारुती चौकात.”

ॲम्स्टरडॅमच्या नगरगृहात काचेचे तीन उंच खांब आहेत, पाण्यानं भरलेले. दोनांमध्ये समुद्राची आत्ताची पातळी, भरतीबरोबर चढती-उतरती. तिसऱ्यात १९५३ चं पाणी, डोक्याच्या कितीतरी वर, साडेचार मीटरवर थांबलेलं. खाली पितळेचा एक खिळा. तो शून्य. सगळ्या देशाची उंची-खोली त्या शून्यापासून मोजतात. आईनं तिसऱ्या खांबावर तळहात टेकला आणि वर बघत हिशेब केला, “पंधरा फूट.” मग नातवाला म्हणाली, “हे बघ, यांचं आयर्विन.”

राहिली तेवढे दिवस ती रोज सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या दारात उभी राहायची आणि कालव्याकडं बघून विचारायची, “आज किती?” मी म्हणायचे, “आहे तेवढंच, आई. इथं पंपवाले हलूच देत नाहीत.” दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

जुलैच्या मध्याला ती परत गेली. तिकडं पाऊस लागला होता. रविवारी लेकीनं व्हिडिओ कॉल लावला. तिचा ‘ख’ आता डच झालाय, घशाच्या तळातून येतो. पण त्या वाक्यात ‘ख’ नव्हता.

“आज्जी, आयर्विनला किती?”

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. “अठरा,” आई म्हणाली. “आणि तुमचं?”

लेकीनं फोन हातात धरून मागचं दार उघडलं आणि वाकून बघितलं.

“आहे तेवढंच.”