कुंभारणीचं घर

बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या सोसायटीत नवव्या मजल्याच्या सज्जाखाली आग्यामोहोळ लागलं. तासाभरात ग्रुपवर पेस्ट कंट्रोलचा नंबर आला. वॉचमन मान वर करून एवढंच म्हणाला, ‘हेज्जेनु.’ म्हणजे आग्या माश्या. होंगे फुलला की येतात, बहर सरला की आपसूक जातात, असं त्याचं म्हणणं. होंगे म्हणजे आपला करंज.

त्या रात्री आम्हा भावंडांना वाईचं घर आठवलं. आजीच्या दरबारात प्रत्येक किड्याला वेगळा न्याय असे. ढेकणांना दयामाया नाही: खाट अंगणात, सांध्यांत उकळतं पाणी. काळ्या मुंग्यांना चिमूट साखर, लाल मुंग्यांना हळदीची रेघ. पोरकिडे झालेले गहू उन्हात पसरायचे, किडे आपल्या पायांनी चालते व्हायचे.

आणि कुंभारीण माशी! मीटरमागे तिनं मातीचं घर बांधलं की आजी बजावायची, ‘बाळंतिणीची खोली आहे ती, हात लावायचा नाही.’ काका शाळेत शिकून आला आणि म्हणाला, ती अळ्यांना डंख मारून लुळं करते आणि पिलांसाठी जिवंत कोंबून ठेवते. आजी ढिम्म. ‘मग पोरांना काय उपाशी ठेवील?’

हिवतापवाल्यांना मात्र आजीनं कधी अडवलं नाही. 1953 साली सरकारी मोहीम सुरू झाली, तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी लोक हिवतापानं फणफणत असा अंदाज होता. 1965च्या सुमारास नोंद लाखभरावर आली. डीडीटीचे पांढरे ओघळ भिंतीवर, फवारणीची तारीख दारावर. देवघर तेवढं वगळायचं, ही तिची अट. डास मारल्याचा अपराध आम्हाला आजही वाटत नाही.

आता सोसायटीत आमचं पेस्ट कंट्रोलचं वर्षाचं कंत्राट असतं. झुरळ, कोळी, कुंभारीण, सगळ्यांना एकच फवारा. कोण मेलं ते विचारावंही लागत नाही.

मोहोळ अंधारात मारलं. सकाळी पार्किंगमध्ये माश्यांचा खच. आईनं विचारलं, ‘कुणाला चावल्या होत्या का गं?’

कुणालाच नाही.

सज्जाखाली मेणाचा पिवळट डाग राहिलाय. त्या वासावर पुन्हा इथंच येतील, असं वॉचमन सांगतो. आई रोज गॅलरीतून करंजाला कळ्या धरल्यात का ते बघते.