कुलुपावरचीं अक्षरें

पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला दिसला कीं घरांतील वडील माणसें तें हातांत घेण्यापूर्वींच समजत कीं, कोणीतरी गेलें. मजकूर वाचावयाच्या आधीं बातमी पोहोंचविण्याची ही रीत ज्यानें काढली तो मोठा शहाणा असला पाहिजे. हिंदुस्थानांत पोस्टकार्ड 1879 सालीं निघालें. तें स्वस्त, म्हणून लोकांनीं त्याचें उघडेपण सोसलें. ज्यास कांहीं झांकावयाचें असे तो चार पैसे अधिक घालून लिफाफा घेई. तारेची गोष्ट निराळी. तारवाला दारांत दिसतांच मजकुराची वाट न पाहतां चाळ गोळा होई. ती सेवा 2013 च्या जुलै महिन्यांत बंद झाली. पत्राच्या बाहेरच्या अंगावर काय दिसावें आणि आंत काय राहावें, हा प्रश्न मात्र बंद झालेला नाहीं. विद्यार्थिमित्रांनो, तो आतां तुमच्या हातांतील फोनच्या बंद पडद्यावर, ज्यास तुम्ही लॉक स्क्रीन म्हणतां त्यावर, येऊन बसला आहे. फोनास कुलूप असतें, पण आलेल्या संदेशाचीं अक्षरें कुलुपावरच उमटतात. घर बंद आणि पत्र उंबरठ्यावर उघडें, असा हा प्रकार आहे.

वरळीच्या बीडीडी चाळींत याचा अर्थ काय होतो हें मीं जवळून पाहिलें. 1920 च्या दशकांत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनें ज्या चाळी बांधल्या त्यांपैकीं 121 एकट्या वरळीस होत्या. तळमजला व वर तीन मजले, एका इमारतींत 80 खोल्या, आणि प्रत्येक खोली सुमारें 160 चौरस फूट. मधून लांब बोळ, दोहों बाजूंस खोल्या, आणि शौचालय सर्वांचें मिळून एक. अशा ठिकाणीं फोन चार्जिंगला लावावयाचा तो दाराजवळच्या फळीवर, कारण बटण तेथेंच. आणि दार दिवसभर उघडें.

माझा एक माजी विद्यार्थी या चाळींत राहत असे. 2022 च्या पावसाळ्यांत त्याच्याजवळ सातव्या क्रमांकाचा जुना आयफोन होता. त्याच्या आईच्या छातींत गांठ निघाली होती, आणि तपासणीचे संदेश मुलाच्या फोनवर येत, कारण आईजवळ साधा फोन होता. त्यांचें म्हणणें एवढेंच कीं, निश्चित कळेपर्यंत मजल्यावर कोणास कळूं नये. घरांत वृद्ध सासूबाई होत्या, आणि मुलीच्या लग्नाचें बोलणें चालू होतें.

वाचकांपैकीं पुष्कळजण म्हणतील कीं, मग मजकूर झांकण्याची सोय फोनांत आहेच. ती आहे. सेटिंग्जमध्यें नोटिफिकेशन्स, तेथें शो प्रीव्ह्यूज, आणि त्यांत तीन पर्याय: नेहमी, कुलूप उघडल्यावर, कधींच नाहीं. अँड्रॉइड फोनांतही अशी सोय आहे. पण मुलगा हौशी. त्यास तिन्ही पर्याय ओबडधोबड वाटले. त्यानें फोन जेलब्रेक केला. फोनाच्या आंतील कांहीं दारें बनविणाऱ्या कंपनीनें मालकासही बंद ठेविलेलीं असतात. तीं उघडण्याच्या विद्येस हें नांव आहे. नंतर त्यानें ॲक्सॉन नांवाची एक जोड घातली. तिच्यायोगें बंद पडद्यावर ॲप्सचीं चिन्हें तेवढीं एका ओळींत दिसत, आणि चिन्हास बोट लावलें म्हणजे खालीं मजकूर उलगडे. हें काम सुबक होतें, यांत शंका नाहीं.

या विद्येस केवळ चोरवाट म्हणणें मला पटत नाहीं. जे फ्रीमन या गृहस्थानें 2008 सालीं सिडिया नांवाचें भांडार उघडलें, तेथून लोक अशा जोडी घेत. 2010 च्या जुलैंत अमेरिकेंत, कंपनीचा विरोध असतांही, आपल्या फोनवर असें करण्यास कॉपीराइट कायद्याच्या बंदींतून सूट मिळाली. पीटर हायस या तरुणानें सूचना दाखविण्याची एक निराळी तऱ्हा अशाच फोनांसाठीं रचिली होती. 2011 सालीं कंपनीनें त्यालाच नोकरीस घेतलें. ज्यानें कुंपणावरून उडी मारली त्यास माळ्याची जागा मिळाली म्हणावयाची!

परंतु प्रत्येक उघडलेल्या दाराचें भाडें असतें. पुष्कळ बँकांचीं ॲप्स असा फोन ओळखून चालण्याचें नाकारतात. शिवाय मुलानें वापरलेली चेकरेन ही युक्ति 2019 सालीं निघालेली. फोन सुरू होतांना जी पहिली आज्ञा वाचतो ती चिपेंतच कोरलेली असते. तींतील दोषाचा फायदा ही युक्ति घेते. म्हणून कंपनीस तो दोष त्या फोनांत कधींच दुरुस्त करतां येत नाहीं. पण फोन एकदां बंद पडून पुनः सुरू झाला कीं सर्व जोडी निष्क्रिय होतात, आणि संगणकास लावून क्रिया पुनः करावी लागते. संगणक होता मित्राचा, आणि मित्र होता डोंबिवलीस.

एके दिवशीं बॅटरी संपून फोन बंद पडला. मुलानें तो फळीवर लावला, सुरू झाल्यावर एकदां उघडून पाहिला आणि तो पाणी भरावयास गेला. चिन्हांस बोट लावतांच पूर्ण मजकूर दिसावा म्हणून मूळचा पर्याय त्यानें "नेहमी" वरच ठेविला होता. तितक्यांत परळच्या एका रुग्णालयाचा संदेश आला: आईचें नांव, विभागाचें नांव, तारीख आणि वेळ. शेजारच्या मावशी वाटी घेऊन दारांत उभ्या होत्या. विभागाचें नांव वाचल्यावर आणखी कांहीं विचारावयाचें उरलें नाहीं.

संध्याकाळपर्यंत मजल्यास कळलें. आणि पुढें जें झालें तेंही सांगितलें पाहिजे. तारखेच्या दिवशीं तीन बाया कामावर खाडा करून बरोबर निघाल्या. सासूबाईंस कोणीतरी पाळीपाळीनें सोबत करी. शस्त्रक्रियेच्या वेळीं रक्त देण्यास बोळांतील सात तरुण गेले. लग्नाचें बोलणें मोडलें नाहीं. मीं भेटावयास गेलों तेव्हां म्हणालों कीं, एका परीनें बरेंच झालें. बाईंनीं मान हलविली.

"आल्या, धावल्या, त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. पण सर, सांगायचं होतं ते मी सांगणार होते. सासूबाईंना मी जवळ बसवून सांगणार होते. ते फळीनं सांगितलं."

मुलगा खालीं मान घालून बसला होता. त्याचे वडील त्यास रागें भरले नाहींत, तरी एवढें म्हणाले कीं, घरांत लपवायचं असतं काय? यावर माझें मत वडिलांहून भिन्न आहे. लपविणें वेगळें आणि आपल्या तोंडानें सांगण्याकरितां राखून ठेवणें वेगळें. एकशेंसाठ चौरस फुटांत जेथें कपडे बदलावयासही पाळी लावावी लागे, तेथें माणसापाशीं राखून ठेवण्यासारखें दुसरें होतें तरी काय?

त्याच वर्षीं सप्टेंबरांत कंपनीनें बंद पडदा आपल्या आवडीप्रमाणें सजविण्याची सोय स्वतःच आणली, आणि सूचना केवळ आंकड्यानें दाखविण्याचा पर्यायही दिला. मुलाचा सातव्या क्रमांकाचा फोन मात्र त्यांतून वगळला गेला. त्यानें जोडी काढून टाकिल्या व "उघडल्यावर" हा साधा पर्याय ठेविला.

2025 च्या 14 ऑगस्टला वरळीच्या नव्या मनोऱ्यांतील 556 घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या, त्यांत हें कुटुंब होतें. 500 चौरस फुटांचें घर. दिवाळींत मीं गेलों. बाईंची प्रकृति चांगली आहे, आणि आतां त्यांच्याजवळ स्वतःचा फोन आहे. तो टेबलावर होता, आणि पडद्यावर जुन्या मजल्यावरील मावशींचा सबंध संदेश उघडा दिसत होता. मुलानें झांकून दिलेलें त्यांनीं मुद्दाम उघडें करून घेतलें होतें.

"दार दिवसभर बंद असतं, सर. वाचायला येणार कोण?"

बँकेच्या परवलीच्या आंकड्यांचा मजकूर तेवढा झांकून ठेवा, असें मीं सुचविलें. मुलानें फोन घेऊन तें तेथल्या तेथें केलें, आणि बाई चहा ठेवावयास उठल्या.