ढोलीतली बाळंतीण

गोव्यातल्या मोलेच्या अभयारण्याला भगवान महावीरांचं नाव आहे, म्हणून बेळगावच्या आम्हा श्राविकांना त्याचा जरा जास्तच जिव्हाळा. अनमोड घाट उतरला की हे 240 चौरस किलोमीटरचं रान लागतं. जाणाऱ्या बहुतेकांना बघायचा असतो धनेश.

वड, पिंपळ, उंबर हे त्याचं आवडतं खाणं. ही तर आपल्या पंच उदुंबरांतली फळं! आत त्रस जीव असतात म्हणून आपण ती वर्ज्य मानतो. धनेश मात्र ती खातो, बिया लांब नेऊन टाकतो आणि त्यातून नवं रान उभं राहतं.

विणीच्या दिवसांत मादी झाडाच्या ढोलीत शिरते नि तोंड लिंपून घेते. चोच निघेल एवढीच फट ठेवते. आत तिची पिसं झडतात, उडता येत नाही. कित्येक आठवडे नरच बाहेरून भरवतो. बाळंतिणीची खोलीच की ती! आपल्या घरी बाळंतिणीच्या दाराशी कुणी गलका करू देतं का? मग फोटोसाठी ढोलीखाली गर्दी कशाला? नर बिचकून फिरकला नाही, तर आत मायलेकरं उपाशी.

चार हात पुढची जमीन बघून चालणं ही मुनींची ईर्यासमिती. रानात आपण बायांनी तिच्यात एवढंच जोडावं, की ढोली दिसली तर पाऊल मागं घ्यावं. दुर्बिणीतून दिसला तर दिसला. नाही दिसला, तरी आतलीच्या चोचीत उंबर पडलं म्हणजे झालं.