"आईकडूनच आलं असेल"

राउंडला आलेले डॉक्टर फाईलमधून मान वर न करता एवढंच म्हणाले, "हे आईकडूनच आलं असेल," आणि पुढच्या पेटीकडे वळले. ते बोलून मोकळे झाले. आमच्या घरात ते वाक्य अजून फिरतंय.

लेकीचं बीपी वाढलं, सातव्या महिन्यात सिझर करावं लागलं, नातू तेराशे ग्रॅमचा, जन्मल्याबरोबर काचेत. असं हल्ली घरोघरी ऐकू येतं, म्हणून त्यात शिरत नाही. दुसऱ्या आठवड्यात वजन जरा चढायला लागलं होतं. एका सकाळी नळीतून दिलेलं दूध पोटात तसंच राहिलं, पोट फुगलं, अंगावर राखाडी कळा आली, मधेच श्वास थांबायला लागला. रक्त कल्चरला गेलं, मेरोपेनेम सुरू झालं आणि दोन दिवसांनी रिपोर्ट आला: क्लेबसिएला.

तो कागद माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. डावीकडे औषधांची नावं, समोर एकेक अक्षर. ॲम्पिसिलिन आर, सेफोटॅक्सिम आर, जेंटामायसिन आर, अमिकॅसिन आर. आर म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही. जे मेरोपेनेम चालू होतं त्याच्यासमोरही आर. अगदी खाली कोलिस्टिन, त्यापुढे 'आय', म्हणजे धड हो नाही आणि धड नाहीही नाही. किडनीवर परिणाम होऊ शकतो म्हणून सही घेतली आणि जावई रात्री एकेक मेडिकल पालथं घालत इंजेक्शन शोधत हिंडला.

आणि अशा वेळी ते वाक्य. विहीणबाईंनी ते लगेच उचललं. "हिला नववा लागायच्या आधीपासूनच अंगावरून जात होतं," असं त्या पाहुण्यांना सांगायला लागल्या. नववा लागलाच कुठे होता! लेक दूध काढून पाठवायलाही घाबरू लागली, आपल्या दुधातच काही असेल तर? दोन दिवसांत दूध निम्म्यावर आलं.

मला सांगा, तोवर तिने बाळाला एकदा तरी उराशी घेतलं होतं का? भेटीच्या वेळेला काचेबाहेरून बघायचं, एवढाच तिचा संबंध. हात दुसऱ्यांचे लागत होते. दारातल्या बेसिनवरची साबणाची बाटली पाणी घालून घालून पांढुरकी झाली होती. एका बाळाचं लंगोट बदललेल्या हातांनी दुसऱ्याची सलाईन नीट करताना मी स्वतः पाहिलं. तेव्हा त्या सिस्टरचा इतका राग आला होता की बस. पण रात्रभर तिथे थांबले तेव्हा दिसलं, अख्ख्या खोलीला ती एकटी. एक पेटी वाजली की धाव, तोवर दुसरी वाजायची. तिने हात तरी कधी धुवावेत?

माझी भाची मायक्रोबायोलॉजी शिकवते. तिच्या म्हणण्याप्रमाणे पहिल्या ७२ तासांत झालेला जंतुसंसर्ग आईकडून आला असं धरायची पद्धत आहे, त्यानंतरचा बहुधा दवाखान्यातला. आमचा दुसऱ्या आठवड्यातला. शिवाय आपल्याकडे तो ७२ तासांचा हिशेबही डळमळीत आहे. दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात तेरा हजारांवर नवजात बाळांचा अभ्यास झाला. तिथे बहुतेक संसर्ग पहिल्या तीन दिवसांतलेच होते, पण जंतू तेच, ॲसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला, दवाखान्यांत मुरलेले. कल्चर पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी जवळपास निम्मी बाळं गेली. हे ऐकल्यावर रात्रभर झोप नाही.

उलट आई हेच औषध निघालं. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कमी वजनाची बाळं जन्मल्यापासून आईच्या उघड्या छातीवर ठेवली तेव्हा मृत्यू चतुर्थांशाने कमी झाले, जंतुसंसर्गही घटला. मुंबईत सायनच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्येच आईच्या दुधाची बँक सुरू केली होती. एवढं सगळं माहीत असून आमच्या लेकीला काचेबाहेर उभं केलं आणि वर खापरही तिच्याच डोक्यावर.

नातू वाचला. कोलिस्टिनने वाचला की नशिबाने, कुणी सांगू शकत नाही. त्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढणार नाही म्हणाले होते. धाकटीचं नाव मात्र तिथेच घातलंय. व्हेंटिलेटर असलेलं दुसरं ठिकाण जवळपास नाही, आणि त्याच सिस्टरने रात्र जागून त्याला जगवलं हेही खरं.

तुमच्या घरचं बाळ काचेत असेल, तर कल्चरच्या रिपोर्टची प्रत मागा, तो तुमचा हक्क आहे. रक्त जन्मानंतर किती दिवसांनी घेतलं ते त्यावर बघा. आईला छातीशी कधी घेता येईल ते रोज विचारा. आणि तोवर बाळंतिणीला कुणी काही बोलायला लागलं, तर त्याला आधी गप्प करा.