पाझरावर वाढलेली झाडं

डेन्व्हरला आलेल्या माणसाला सगळे पहिल्यांदा डोंगरात नेतात. पश्चिमेला रॉकीची रांग सतत डोळ्यांसमोर असते, तेव्हा ते साहजिकच आहे. पण मी भाचीला म्हटलं, "डोंगर पळून जात नाही. मला आधी तुमचा कालवा दाखव." माझं बालपण बारामती तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या चारीवर गेलं. कालवा कुठलाही असो, त्याच्या भरावावरून चालल्याशिवाय मला तो मुलूख कळत नाही.

सेंटेनियल या उपनगरातल्या डीकोव्हेंड पार्कपासून आम्ही हाय लाइन कॅनॉलची वाट धरली. ऑक्टोबर होता. दाबून बसवलेल्या बारीक खडीचा, बैलगाडी जाईल एवढा रुंद रस्ता, आणि शेजारी कालव्याचं पात्र. पात्र कोरडं होतं. तळाला वाळकं गवत आणि पिवळ्या पानांचा थर. दोन्ही काठांवर मात्र प्रचंड कॉटनवुडची झाडं होती. खोडं अशी की दोघांच्या कवेत मावू नयेत, खोल चिरा पडलेली खरखरीत साल, आणि वर सगळा पाला हळदीसारखा पिवळा झालेला.

ही वाट मूळची पाटकऱ्याची. तो घोड्यावरून फिरायचा, दारं उघडायचा, मिटायचा, कचरा काढायचा, फुटलेला भराव बुजवायचा. आता तिथं बाबागाड्या, सायकली आणि कुत्री घेऊन निघालेली माणसं दिसतात. चढ-उतार पायाला जाणवतच नाही, कारण कालव्याला मैलामागे जेमतेम दोन फूट उतार दिलाय. जमिनीची समपातळी सांभाळत तो प्रत्येक ओढ्याच्या खोलगटीत आत वळतो, पुन्हा बाहेर येतो. त्यामुळे चालताना डोंगर जागा बदलत राहतात. आत्ता डाव्या हाताला होते, वळण घेतलं की समोर येतात, थोड्या वेळानं पाठीशी जातात. भाचीनं या वाटेवर अनेकदा फेऱ्या मारल्या होत्या, पण हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. मला ते लगेच दिसलं, कारण आमच्याकडेही शाळेत जाताना कालव्याच्या कडेनं गेलं की वाट लांबायची आणि आई सांगायची, पांदीनं जा.

हा कालवा १८८० ते १८८३ या काळात खोदला गेला. पैसा ब्रिटिश भांडवलदारांचा. कंपनीचं नाव नॉर्दर्न कोलोरॅडो इरिगेशन कंपनी, पण लोक तिला इंग्लिश कंपनीच म्हणत. वॉटरटन कॅन्यनमध्ये साउथ प्लॅट नदीतून पाणी उचलायचं आणि ईशान्येच्या कोरड्या माळावर न्यायचं, असा बेत होता. लांबी ७१ मैल, म्हणजे एकशे चौदा किलोमीटर. आमचा नीरा डावा कालवाही साधारण त्याच सुमारास, १८८५ मध्ये सुरू झाला. इकडे खाजगी कंपनी, तिकडे मुंबई इलाख्याचं सरकार, एवढाच फरक असता तर दोन्ही कालव्यांचं पुढचं आयुष्य सारखं गेलं असतं.

तसं झालं नाही, आणि कारण पाण्याच्या हक्कात आहे. कोलोरॅडोत नदीचं पाणी ज्यानं आधी वापरात आणलं त्याचा हक्क पहिला. नदी आटली की सगळ्यांचं थोडं थोडं कमी करत नाहीत. शेवटी आलेल्याचं दार आधी बंद होतं, जुन्याला त्याचं पुरं माप मिळतं. हाय लाइनचा हक्क १८७९ चा. साउथ प्लॅटवर त्याच्या आधी वीस वर्षं लोक पाट काढत होते. म्हणजे एवढा मोठा कालवा खणला आणि तो रांगेत मागे उभा राहिला. बर्फ वितळून नदी फुगली की पाणी यायचं, पिकाला खरी तहान लागायची तेव्हा बंद व्हायचं. आमच्या कालव्यामागे भाटघरचं धरण आलं, म्हणून उन्हाळ्यात आवर्तन मिळालं आणि ऊस उभा राहिला. इथल्या शेतकऱ्यानं पाणीपट्टीचे करार करूनही आभाळाकडेच पाहायचं. त्या माणसांची तगमग मी समजू शकते.

१९२४ मध्ये डेन्व्हरच्या पाणीपुरवठा खात्यानं कालवा घेतला. पुढे शेतं जाऊन घरं आली. १९७० पासून उपनगरांच्या उद्यान मंडळांशी करार होत गेले आणि पाटकऱ्याची वाट सगळ्यांना खुली झाली.

काठावरची ही कॉटनवुडची झाडं मुद्दाम फार थोडी लावलेली आहेत. पाऊस इथं वर्षाला पंधरा इंचांच्या आसपास, आमच्या माणदेशाहून कमी. अशा माळावर कॉटनवुड उगवतं ते नदी-ओढ्याच्या ओल्या काठाला. कालवा मातीचा, अस्तर नसलेला. सोडलेल्या पाण्यातलं ६० ते ८० टक्के पाणी पाझरून आणि वाफ होऊन जात असे. हिशेबाच्या वहीत तो निव्वळ तोटा. त्याच तोट्यावर, वाऱ्यानं आलेल्या कापसाळ बियांतून, ७१ मैलांची सावली उभी राहिली. शेतापर्यंत पोचलं नाही ते पाणी घुबडांना, कोल्ह्यांना, हरणांना आणि आज इथं चालणाऱ्या प्रत्येकाला मिळालं.

पुढं चेरी हिल्समध्ये झाडी अचानक विरळ झाली. मोठमोठ्या बंगल्यांच्या आवारातली कुरणं आणि त्यांच्यापलीकडे थेट बर्फाची शिखरं. तिथं बाकावर एक वृद्ध गृहस्थ कुत्र्याला घेऊन बसले होते. लहानपणी टायरच्या ट्यूबवर बसून या कालव्यातून आपण वाहत जायचो, असं त्यांनी सांगितलं. मग शेजारचं एक वठलेलं झाड दाखवून म्हणाले, "याला आता पाणी कोण देणार?"

प्रश्न रास्त आहे. कोरड्या राज्यात एवढं पाणी पाझरून घालवणं पाणीखात्याला परवडत नाही, म्हणून पाणी सोडणं कमी होत गेलं. आता रस्त्यांवरचं, छपरांवरचं पावसाचं पाणी पात्रात वळवून काही काळ थोपवायचं आणि मुळांना द्यायचं, असं काम टप्प्याटप्प्यानं चाललंय. कालव्याच्या रक्षणासाठी २०१४ पासून एक संस्था झटते आहे, आणि २०२४ मध्ये ४५ मैलांची मालकी अरापाहो काउंटीकडे आली. हे चांगलंच झालं. तरी शंभरीकडे निघालेल्या कॉटनवुडला पावसाळी पाण्याचा चार घोटांचा आधार पुरेल असं मला वाटत नाही. जिथं मोठी झाडं जगण्यासारखी आहेत, तिथं तरी नदीचं पाणी अधूनमधून सोडावं, या मताची मी आहे.

"मावशी, पण ते पाणी वाया जाणार ना?" भाचीनं विचारलं. मी तिला आमच्या गावाकडचं सांगितलं. कालव्याला अस्तर करायचं म्हटलं की विहीरवाले शेतकरी विरोधाला उभे राहतात. पाझर थांबला तर विहिरी आटतील, हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. कालव्याच्या टोकाला बसलेला शेतकरी मात्र अस्तर मागतो, कारण त्याच्यापर्यंत पाणीच पोचत नाही. दोघांचंही खरं. ती बराच वेळ बोलली नाही, मग वठलेल्या खोडांचे फोटो काढत चालू लागली.

क्विन्सी रस्त्याला पोचलो तेव्हा भाचेजावई गाडी घेऊन थांबले होते. मी त्यांना फेअरमाउंट दफनभूमीची वाट विचारली. या कालव्याच्या पाण्यावर तिथं जुना वृक्षसंग्रह उभा राहिला, असं वाचलं होतं. ते म्हणाले, "वाटेतच आहे, आत्ताच जाऊ."